पोर्ट ऑफ स्पेनमध्ये घड्याळ बघून जेवावं

वेस्ट इंडिजला क्रिकेट बघायला नेणाऱ्या एका सहलीचं पत्रक हाती आलं. पोर्ट ऑफ स्पेनच्या, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीतल्या, प्रत्येक दिवसापुढे खाण्याची एकच ओळ होती: सकाळचा नाश्ता हॉटेलात, रात्री हॉटेलातच भारतीय जेवण. खाली बारीक अक्षरांत सूचना, दुपारसाठी सोबत कोरडा खाऊ ठेवावा. ती ओळ काही केल्या डोक्यातून जाईना. तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानाचं नाव मराठी घरांतून किती प्रेमानं घेतलं जातं! १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघानं तिथे वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं. सरदेसाईंनी ११२ काढल्या आणि गावसकरांनी पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७. पाच वर्षांनी त्याच मैदानावर ४०३ धावांचा पाठलाग पूर्ण झाला. रेडिओला कान लावून बसलेल्या त्या पिढीची मुलं-नातवंडं आता एवढा समुद्र ओलांडून तिथे जातात आणि दुपारी प्रेक्षकांत बसून घरून नेलेला खाकरा खातात. ओव्हलमधून बाहेर पडून थोडं चाललं तर वुडब्रुक लागतं. तिथे कोपऱ्यावर गरम तेलात हळदीच्या रंगाचे वडे पडत असतात, आणि जवळपासच्या रोटीच्या दुकानात डाळ भरलेली पोळी तव्यावरून उतरत असते. भूक लागलेल्या माणसाला हे कुणी सांगितलंच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

या शहरात कुठे जेवावं, असं विचारलं की लोक हॉटेलांची नावं सांगू लागतात. मला वाटतं, आधी किती वाजता हे विचारावं. पोर्ट ऑफ स्पेनचं सगळ्यात चांगलं खाणं छपराखाली कमी आणि गाडीवर, खिडकीत, मैदानाच्या कडेला जास्त मिळतं, आणि त्यातल्या प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. सकाळी सहाला जे मऊ आणि वाफाळतं असतं, ते दहाला घट्ट झालेलं असतं किंवा संपलेलं. दुपारी बाराची रोटी संध्याकाळी सहाला मागितली तर दुकानाचं शटर खाली. आणि संध्याकाळी सव्हाना मैदानाच्या कडेला जे उकळत असतं, त्याचा दुपारी पत्ताही नसतो. पाहुणे बहुतेक इथेच फसतात. दहाला उठायचं, अकराला बाहेर पडायचं, तीनला भूक लागायची आणि मग मॉलमधल्या खाद्यदालनात जाऊन तळलेली कोंबडी खायची. त्यात शहराचा दोष नाही.

तेव्हा सकाळी लवकर उठावं. सकाळ डबल्सची.

डबल्स म्हणजे दोन ‘बारा’ आणि त्यांवर छोल्यांचा पातळसर रस्सा. बारा म्हणजे वडा, पण डाळीचा नव्हे, मैद्याचा. चपटा, मऊ, तळहाताएवढा. छत्रीखाली एक गाडी, गाडीत झाकणाची मोठी पेटी, पेटीत कापडात गुंडाळलेली बाऱ्यांची चवड, शेजारी छोल्यांचं पातेलं आणि चटण्यांच्या बरण्या. गाडीवाल्याचे हात बघण्यासारखे असतात. डाव्या तळहातावर चौकोनी कागद, त्यावर एक बारा, त्यावर किंचित सरकवून दुसरा, मधोमध पळीभर छोले, मग चमच्याच्या टोकानं चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं आणि शेवटी मिरचीचा सॉस. कागदाची दोन टोकं धरून हवेत एक गिरकी, की पुडी तयार. एवढं सगळं काही सेकंदांत होतं आणि तेवढ्यात पुढच्या माणसाची ऑर्डर त्यानं ऐकलेलीही असते. मागायचं कसं, तर आकडा आणि तिखटाचं माप. दोन हवेत आणि तिखट अगदी थोडं, तर ‘टू, स्लाइट’. मध्यम हवं तर ‘मीडियम’, नको असेल तर ‘नो पेपर’. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च्या वर जाऊ नये, याचं कारण पुढे येतंय. बऱ्याच गाड्यांवर पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे असतात. किती खाल्ले ते आपणच सांगायचं आणि गाडीवाला विश्वास ठेवतो. एका डबल्सची किंमत अजून एक आकडी त्रिनिदाद डॉलरमध्ये आहे, आणि तिथला एक डॉलर म्हणजे आपले साधारण १२-१३ रुपये. तेव्हा सुटे पैसे जवळ असावेत. कार्ड पुढे करून मागची रांग थांबवू नये.

खायची रीतही आहे. पुडी उघडून कागद तळहातावर पसरायचा. वरचा बारा आणि खालचा बारा यांची उचलून घडी घालायची नाही. तसं केलं की रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत जातो. कडेचा एक तुकडा तोडायचा, त्यानं छोले उचलायचे, पुढचा तुकडा तोडायचा. शेवटी कागदावर चटणीत भिजलेला मधला भाग उरतो आणि तो सगळ्यात चवदार असतो. उभ्यानंच खायचं, जरा पुढे वाकून. पांढरा शर्ट घालून ऑफिसला निघालेली माणसं एकही डाग न पाडता तीन-तीन खाऊन जातात.

हे घरी करून बघायचं म्हटलं तर अवघड नाही; मात्र एका जागी हमखास बिघडतं, आणि ते कळलं की चांगली गाडी कोणती हेही ओळखता येतं. दोन वाट्या मैद्याला अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, एक चमचा यीस्ट, पाऊण चमचा मीठ आणि एक वाटीच्या आसपास कोमट पाणी. पीठ इतकं सैल व्हायला हवं की पुरीची कणीक मळणाऱ्या हाताला ते चुकलंच असं वाटेल. तिथेच घोळ होतो. आपला हात आपोआप आणखी मैदा घालतो, आणि मग बारा पुरीसारखा टम्म फुगून कडक होतो. सैल पीठ तासभर झाकून ठेवायचं, तेलाच्या हातानं लिंबाएवढे गोळे करून पुन्हा पंधरा मिनिटं ठेवायचे, तेल लावलेल्या ताटलीवर बोटांनी थापायचे आणि चांगल्या तापलेल्या तेलात एका बाजूनं आठ-दहा सेकंद, दुसऱ्या बाजूनं तेवढेच. रंग पिवळा राहिला पाहिजे; तांबूस झाला की गेला. आणि काढल्याबरोबर एकावर एक रचून कापडात झाकायचे. तळताना जो काही ताठपणा आला असेल तो वाफेनं उतरतो. गाडीवरच्या पेटीचं काम हेच. म्हणून कढईतून थेट कागदावर येणाऱ्या बाऱ्यापेक्षा पेटीत पाच-दहा मिनिटं बसलेला बारा चांगला, आणि दोन तास बसलेला वाईट. ज्या गाडीवर रांग सतत हलती असते तिथे हा हिशोब आपोआप जमतो. छोले रात्रभर चिमूटभर सोडा घालून भिजवलेले असतात, बोटानं दाबल्यावर पीठ व्हावं इतके शिजवलेले, आणि पळीतून सहज सांडतील इतके पातळ. सकाळ सरत आली की तळाचा रस्सा आटत जातो आणि छोल्यांचा लगदा होतो. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला तो येतो.

डबल्सची सुरुवात १९३६ मध्ये दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबानं केली, असं तिथे मानतात. राजधानीत ते नंतर आलं आणि आता शहराचंच झालं. रांगेत आफ्रिकी वंशाचा पोलीस, चिनी दुकानदार, शाळेच्या गणवेशातली मुलं आणि रात्रपाळी संपवून आलेली नर्स एकामागे एक उभी असतात.

सकाळचीच दुसरी गोष्ट म्हणजे सादा रोटी आणि चोखा. पाहुण्यांना याचा पत्ता क्वचित लागतो, आणि मला विचाराल तर डबल्सपेक्षाही हे मोलाचं. सादा रोटी मैद्याची, बेकिंग पावडर घातलेली, भाकरीएवढी जाड. तव्यावर भाजून मग जाळावर फुगवतात आणि चिरून पोटात चोखा भरतात. वांग्याच्या चोख्यासाठी वांग्याला चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खोचतात, जाळावर साल करपेपर्यंत भाजतात, मग कुस्करून कच्चा कांदा आणि मिरची, आणि वरून लसूण परतलेलं कडकडीत तेल. या फोडणीला तिथे ‘चंके’ म्हणतात. टोमॅटोचा चोखा असाच. भरताची सवय असलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. एक फरक मात्र जाणवेल: ना शेंगदाण्याचं कूट, ना कोथिंबिरीचा ढीग, धूर आणि लसूण, बस्स. हे सगळं सकाळी नऊच्या आत आटोपतं. सेंट जेम्स भागातल्या वेस्टर्न मेन रोडवर आणि गावातल्या रोटीच्या छोट्या दुकानांत ‘सादा’ अशी पाटी दिसली की आत शिरावं.

सेंट जेम्समधल्या गल्ल्यांची नावं दिल्ली, आग्रा, पाटणा, बनारस, लखनौ, कलकत्ता अशी आहेत.

३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज २२५ माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आलं आणि १९१७ पर्यंत करारावर येणारे मजूर सुमारे १ लाख ४४ हजारांवर गेले. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले, कलकत्त्याहून बोटीत चढलेले, काही मद्रासहून. उसाच्या मळ्यांवर त्यांना शिध्यात जे मिळालं त्यावर त्यांनी आपलं खाणं बेतलं. कणकेच्या जागी मैदा आला, हरभऱ्याच्या डाळीच्या जागी पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. कोथिंबीर तिथल्या उन्हापावसात नीट टिकेना, म्हणून शॅडो बेनी नावाचं लांबट, कातर कडांचं रानटी पान कामाला लागलं. तिथल्या भारतीय घरांत त्याला ‘बनधनिया’च म्हणतात. वास कोथिंबिरीचाच, पण दुप्पट उग्र, आणि शिजवल्यावरही उतरत नाही. मांसाला आणि भाजीला जो हिरवा मसाला चोळतात त्यात हे पान, लसूण, पातीचा कांदा, थाइम आणि ‘पिमेंटो’ नावाची बिनतिखट, नुसत्या सुगंधाची मिरची असते. करी पावडर हळद-धने-जिरे-मेथीकडे झुकलेली. तिखट वेगळं, बाटलीतून. त्यामुळे पहिल्या घासाला आपल्याकडच्या माणसाला वाटतं, मसाला कमी पडला. तसा निकाल देऊ नये. ही आपल्या जेवणाची बिघडलेली नक्कल नाही. पावणेदोनशे वर्षं दुसऱ्या मातीत रुजलेलं हे पुरतं स्वतंत्र खाणं आहे, आणि ते त्याच्याच मापानं चाखावं.

दुपारची वेळ रोटीच्या दुकानांची. साडेअकराला पोचलात तर निवांत, साडेबाराला गेलात तर सगळी कचेरी तुमच्या पुढे. मॅरावल रोड, ट्रॅगरेट रोड आणि सेंट जेम्स या पट्ट्यात चांगली दुकानं एकमेकांपासून फार लांब नाहीत. खिडकीशी दोन निर्णय घ्यायचे: पोळी कोणती आणि आत काय. डालपुरी घेतली तर पुडी बांधून मिळते, चालता चालता खाता येते. डालपुरीचं तंत्र पुरणपोळीचंच आहे आणि फसतेही तशीच. डाळ बोटांत चुरली जाईल इतपतच शिजवायची, निथळून कोरडी वाटायची, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, मिरची. ओली राहिली की लाटताना पोळी फुटते. फरक आकाराचा आणि मऊपणाचा. चांगली डालपुरी परातीएवढी, इतकी पातळ की आतल्या डाळीचे कण बाहेरून दिसावेत, आणि चार पदरी घडी घातली तरी न मोडणारी. पुडी उघडताना कोरडी डाळ मांडीवर भुरभुरली तर समजावं, पोळी सकाळची आहे.

दुसरी बस-अप-शट. फाटक्या शर्टासारखी दिसते म्हणून हे नाव. हा पराठाच, पण लाटी तुपातेलानं माखून, मध्यापर्यंत चीर देऊन, शंकूसारखी गुंडाळून मुरवलेली, पुन्हा लाटून मोठ्या तव्यावर भाजलेली, आणि शेवटी लाकडाच्या दोन ‘डबल्यां’नी (चपट्या उलथण्यांनी) तव्यावरच बदडून चिंध्या केलेली. पदर सुटे होतात आणि वाफ आत राहते. ही बसून खायची. एका कप्प्यात पोळीचा मऊ ढीग आणि शेजारी तीन-चार भाज्या. हातानं खाल्लं तर कुणी वळूनही बघत नाही, सगळे तसंच खातात. आत काय घ्यायचं? बटाटा-छोले सगळीकडे असतात, पण तेवढ्यावर थांबू नये. गोडसर शिजलेला लाल भोपळा, चवळीच्या लांब शेंगा म्हणजे ‘बोडी’, अळूच्या पानांची ‘भाजी’, आणि कोयीसकट शिजवलेला कैरीचा आंबटगोड रस्सा या चार गोष्टी एकत्र मिळाल्या तर शाकाहारी माणसानं दुसरं काही बघू नये. कोंबडी किंवा बकऱ्याचं मटण घेणाऱ्यानं हाडाचं की बिनहाडाचं ते आधी विचारावं. बंद पुडीतल्या डालपुरीत हाडाचे बारीक तुकडे दाताखाली आले की जेवणाचा विचका होतो. बस-अप-शटबरोबर मात्र हाडाचंच घ्यावं, रस्सा त्याचाच चांगला. सोबत ‘सोलो’ नावाचं लाल रंगाचं शीतपेय घेतात. ते फार गोड असतं, पण तिखटाच्या बाजूला ठीक बसतं.

रोटीच्या पलीकडचं शहर बघायचं तर दुपारीच बंदराकडे, राइटसन रोडवर, ब्रेकफस्ट शेडला जावं. समुद्राचा वारा येतो अशा उघड्या मंडपात बायकांचे गाळे ओळीनं मांडलेले आहेत. प्रत्येकीचा स्वयंपाक वेगळा, पातेली समोर, बसायची बाकं मात्र सामायिक. नावावरून फक्त नाश्ता वाटतो; नाश्ताही मिळतोच (तळलेला किंवा खोबऱ्याचा ‘बेक’ म्हणजे तिथला पाव, सोबत खारवलेल्या माशाचं बुलजोल), पण खरी गर्दी दुपारच्या जेवणाला. पहिल्या गाळ्यापाशी थांबू नये, एक फेरी पूर्ण मारावी, कोणाच्या पातेल्यातून अजून वाफ येतेय ते बघावं. ताटात मासा किंवा कोंबडी, मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), कलालू आणि ‘प्रोव्हिजन’, म्हणजे उकडलेले कंद: अळकुड्या, कोनफळाच्या जातीचं याम, कसावा, रताळं, कच्ची केळी. कलालूसाठी अळूची पानं, भेंडी, लाल भोपळा नारळाच्या दुधात शिजवून घोटतात. अळूचं फदफदं आवडणाऱ्यांनी हे चाखल्याशिवाय बेटावरून हलू नये. पान नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, हे तिथेही तसंच, म्हणून ते चांगलं तासभर शिजतं. पेलाऊ दिसला तर तोही घ्यावा. साखर तेलात जवळजवळ काळी होऊन फसफसेपर्यंत जाळायची, त्यात कोंबडी टाकायची, मग तांदूळ, ओल्या तुरीचे दाणे आणि नारळाचं दूध. साखर दोन क्षण जास्त राहिली तर कडू, आधी आवरली तर फिका गोडमिट्ट भात. बरोबर जमलेल्या पेलाऊचा रंग खरपूस तपकिरी असतो आणि गोडवा ओळखूही येत नाही.

इथे शाकाहारी लोकांनी सावध राहावं. कलालूत बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असते. राजमा-वाटाण्यांच्या रस्स्यातही तीच शेपटी मुरलेली असते आणि वाढताना ती बाजूला काढली म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं वाढणारीला मनापासून वाटतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. म्हणून ‘व्हेज आहे का’ असं विचारून भागत नाही. ‘मांस, मासा, खेकडा, शेपटी घालून शिजवलंय का’ असं एकेक नाव घेऊन विचारावं. उत्तर खरं मिळतं. रास्ताफारी पंथाच्या लोकांची ‘आयटल’ खानावळ दिसली तर प्रश्नच मिटला. तिथे मांस नसतं, आणि मीठही बेताचं.

आता मिरची. मोरुगा स्कॉर्पियन ही याच बेटाची मिरची. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चाचणीत तिच्या काही झाडांच्या मिरच्यांनी २० लाख स्कोव्हिलची (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणाचं माप) पातळी ओलांडली होती. रोजच्या सॉसमध्ये तीच असते असं नाही, बहुतेकदा स्कॉच बॉनेटच्या जातीची मिरची, व्हिनेगर, मोहरी, कधी कच्ची पपई असते. पण तेही आपल्या लवंगीच्या पुढचं. वेगळी गोष्ट म्हणजे हे तिखट जिभेवर लगेच लागत नाही. आधी फळासारखा सुगंध येतो, छान वाटतं, माणूस आणखी एक चमचा ओततो आणि मग अर्ध्या मिनिटानं कान पेटतात. कोल्हापुरी रश्श्यावर वाढलेल्यांनीही पहिल्यांदा थेंबानंच सुरुवात करावी. पाणी पिऊन उपयोग होत नाही. पीनट पंच, म्हणजे शेंगदाणे आणि दुधाचं घट्ट पेय, घ्यावं.

ऊन उतरलं की क्वीन्स पार्क सव्हाना. शहराच्या डोक्यावर पसरलेलं हे अफाट मैदान, भोवती साडेतीन किलोमीटरच्या आसपास रस्ता, पश्चिमेला जुन्या भव्य वास्तूंची ओळ. पाचनंतर कडेला गाड्या लागतात. नारळवाला कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडतो. पाणी प्यालं की त्याच्याकडेच परत द्यायचं, तो ते दुभंगून सालाचाच चमचा करून देतो आणि ‘जेली’ म्हणजे मलई खायला लावतो. शेजारी भाजलेलं कणीस, आणि मोठ्या पिंपात कॉर्न सूप: पिवळी डाळ विरघळेपर्यंत शिजवलेली, त्यात कणसाचे आडवे तुकडे, गाजर, भोपळा, मैद्याचे लांबट उंडे आणि भरपूर शॅडो बेनी. पिंपाच्या तळाशी सगळा ऐवज असतो, तेव्हा खालून ढवळून मागावं. फुलौरी म्हणजे डाळीच्या पिठाची हलकी भजी, कागदी पिशवीत, वर चिंचेची किंवा कैरीची चटणी ओतलेली. आणि सहीना दिसली तर सोडू नये. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून गुंडाळायची आणि कापून तळायची, किंवा पानं चिरून पिठातच कालवायची. म्हणजे आपली अळूवडीच, पण गूळ-तीळ नाहीत, जिरं आणि लसूण पुढे. मालवणातलं किंवा पेणमधलं कुणी ती खाताना बघितलं तर त्याच्या तोंडावर जे उमटतं, ते कुठल्याही भारतीय जेवणाच्या बुफेपुढे उमटत नाही. डिसेंबरात गेलात तर जागोजागी सॉरेल मिळतं, आले-लवंग-दालचिनी घातलेलं लालभडक सरबत. ती आपली लाल अंबाडीच, फक्त पानांऐवजी बोंडं. मॉबी हे झाडाच्या सालीचं कडवट पेय मात्र पहिल्या घोटाला कुणाला आवडत नाही. अर्धा ग्लासच घ्यावा.

रात्र एरिआपिटा अ‍ॅव्हेन्यूची. तिथले लोक नुसतं ‘अ‍ॅव्हेन्यू’ म्हणतात. ही वुडब्रुकची मुख्य वाट. अँगोस्टुरा बिटर्स हा पेयांत थेंबभर घालायचा कडवट अर्क बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाची इथे इस्टेट होती आणि आजूबाजूच्या कार्लोस, आल्फ्रेडो, लुइस अशा गल्ल्यांना त्यांच्याच घरातली नावं आहेत. टेबलखुर्ची, पांढरी चादर, वाइनची यादी असं जेवण हवं असेल तर ते इथे मिळतं. बिलावर साडेबारा टक्के व्हॅट आणि बऱ्याच ठिकाणी दहा टक्के सेवाशुल्क चढतं, हे धरून चालावं. पण बारमध्ये बसून ‘कटर्स’ मागवणं जास्त आनंदाचं: भरडलेल्या भाजक्या जिऱ्यात कोरडी परतलेली कोंबडी किंवा डुक्कर, छोट्या बशीत, सोबत थंड कॅरिब बिअर किंवा लेमन-लाइम-बिटर्स. जिरं इतक्या मोठ्या प्रमाणात मांसाला कसं शोभतं हे इथे कळतं. मध्यरात्रीनंतर अ‍ॅव्हेन्यूवर आणि सेंट जेम्समध्ये सिरियन-लेबनीज वळणाच्या जायरोच्या (रोटीत गुंडाळलेल्या मांसाच्या) गाड्या आणि पुन्हा एकदा डबल्स. अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागातून आणि पूर्वेकडून पायी फिरू नये. हॉटेलातून ओळखीची टॅक्सी बोलवावी, दाराशी उतरावं, दाराशीच चढावं. दिवसा पश्चिमेकडे जायला पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सी, म्हणजे सामायिक छोट्या बस, स्वस्त पडतात.

रविवार मात्र वेगळा. त्या दिवशी लोक घरी जेवतात. कलालू, मॅकरोनी पाय, भात आणि कोंबडी घराघरांत शिजते, आणि फ्रेडरिक स्ट्रीट, इंडिपेन्डन्स स्क्वेअरच्या बाजूची दुकानं बंद असतात. कुणी घरी बोलावलं तर आढेवेढे घेऊ नयेत. नाही बोलावलं तर नॉर्थ कोस्ट रोडनं डोंगर ओलांडून माराकासच्या किनाऱ्यावर जावं, गाडीनं पाऊण तासाच्या आसपास. तिथलं ‘बेक अँड शार्क’ प्रसिद्ध आहे: हिरव्या मसाल्यात आणि लिंबात मुरवून तळलेला मासा, तळलेल्या फुगीर बेकच्या पोटात. शार्कांची संख्या जगभर घटते आहे, म्हणून मी तरी सुरमईच्या जातीचा किंगफिश मागा असंच म्हणेन. तो बहुतेक गाळ्यांवर मिळतो आणि चवीला कमी नाही. बेक हातात आला की चटण्यांच्या लांब टेबलापाशी जायचं. तिथे सगळ्या चटण्या एकदम ओतल्या की बेक भिजून तळातून फाटतो. आधी कोबी आणि काकडी, त्यावर शॅडो बेनीची हिरवी चटणी, लसणाची थोडीशी, चिंचेची एकच रेघ, अननसाचा एखादा काप, आणि मिरची अगदी शेवटी, एका कोपऱ्यात. अकराच्या आत पोचावं. दुपारनंतर परतीच्या घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि पाऊण तासाचे दोन तास होतात.